तेवीस डबे आणि एक पुडी

रत्नागिरी
१२ फेब्रुवारी १९८७

चि. लवूभावजी यांस मथुरावहिनीचे आशीर्वाद. तुमचा खोकला, आनंदीचे गुडघे आणि तुमचं युनियन ऑफिस, तिन्ही ठीक असावीत. (मिल सुटली तरी तुम्ही तिथे रोज जाता असं आनंदी कळवते. घरी बसून तिला सल्ले देण्यापेक्षा ते बरं.) माझी तब्येत चांगली आहे, पण गेला आठवडाभर बोलायला गेले की तोंड नुसतं उघडं राहतं, म्हणून लिहिते आहे.

तुमचे दादा गेल्यावर मी कोळंबीच्या कारखान्यात लागले त्याला सात वर्षं झाली. आम्ही चोवीस बायका बर्फातली कोळंबी सोलतो. बोटं कामातून जातात, पण हजेरीपटावर नाव आहे, फंड आहे, आजारपणाची रजा आहे. तर यंदा रथसप्तमीला कंपनीने बायकांसाठी हळदीकुंकू ठेवलं. मॅनेजरसाहेबांची बायको स्वतः आली, अत्तर लावलं, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला आणि डब्याची पोच म्हणून प्रत्येकीची सही घेतली. सही येत नाही तिचा अंगठा. कागद इंग्रजी. मी असते तर निदान विचारलं असतं. पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही (तशीच तर वाचायला शिकले, पण पुडीवर गोष्ट अर्धीच येते, म्हणून मला कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नाही). पण हळदीकुंकवात माझं काय काम? मला मागे टोपल्या धुवायला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर यादी लागली. खालील तेवीस कामगारांनी राजीखुशीने राजीनामा दिला आहे, असं वर लिहिलेलं. मी मोठ्याने वाचली. गंगा म्हणाली, "अगो मथुरे, नीट वाच. आमी डबा घेतला, राजीनामा कदी दिला गो?" मी पुन्हा वाचली. तेच होतं. आणि यादीत माझं एकटीचं नाव नव्हतं. दुपारी कळलं की सोलायचं काम आता रावजी ठेकेदाराकडे दिलंय. याच बायका, हीच टेबलं, हीच कोळंबी. फक्त फंड नाही, रजा नाही, आणि नकोशी झाली की उद्यापासून येऊ नको. (तुमच्या मिलचं कापड भिवंडीच्या मागांवर गेलं तसंच. पण तुम्हाला निदान संप तरी करता आला. आम्हाला कुंकू लावून घालवलं.)

तेव्हापासून कंपनीची सोलणारी मी एकटी, बाकीच्या पलीकडच्या टेबलांवर ठेकेदाराच्या. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला मुकादम. तो हजेरी पुकारतो, मी हजर म्हणते. तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः डबा घेऊन आले. म्हणाले, बाई, आम्ही जुन्या रूढी मानत नाही, विधवेलाही मान मिळाला पाहिजे, इथे पोच द्या. सात वर्षांत हा विचार कुणाला सुचला नव्हता. मी डबा परत केला आणि म्हटलं, साहेब, रूढी आहे ती बरी आहे.

मग मी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे गेले. ते म्हणाले, सह्या कशासाठी घेतल्या त्याचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे डबे. पण बायका डबे देईनात. "वाण परत करतात काय गो? नवऱ्याला बाधतं," हौसा म्हणाली. (तिचा नवरा रोज पिऊन तिला मारतो, तरी सगळ्यांत जास्त तीच घाबरली.) मी म्हटलं, माझ्याकडे द्या, बाधायचं ते माझ्या नवऱ्याला बाधू दे. कोणी हसेना. मग गंगा हसली, मग सगळ्याच. आता बावीस डबे माझ्या चुलीशेजारी रचलेत. गंगाच्या डब्यात लिंबाचं लोणचं मुरतंय, ते मुरलं की देईन म्हणते.

आनंदीला गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधायला सांगा.

तुमची,
मथुरावहिनी

ता. क. वीस तारखेला, शुक्रवारी, अधिकाऱ्यापुढे सुनावणी आहे. प्रत्येक पत्रात तुम्ही ज्या वकिलांचं नाव घेता ते खरोखर असतील तर त्यांना घेऊन एसटीने या. नसतील तर तुम्ही तरी या. तेवीस जणी माझ्या तोंडाकडे बघतात, आणि कागद इंग्रजी आहे.

पुन्हा ता. क. साहेबांचा डबा परत केला ते खरं, पण आधी उघडून बघितला. आत कुंकवाची पुडी होती. कुंकू डब्यातच ओतलं आणि पुडीचा कागद ठेवून घेतला. त्यावर एका गोष्टीचा शेवट आहे. त्याला सही लागली नाही.