सतराव्या पत्राचं शेवटचं पान

३ नोव्हें., सोम.
रेमंडचा फोन. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पॅरिश हॉलमध्ये त्याचा सत्कार. "टीचर, दोन शब्द तुम्हीच बोला."
दोन शब्द! त्या जर्मन तत्त्वज्ञाची चाळीस पत्रं मी वाचून उतरवून दिली, दोन उन्हाळे, याच जेवणाच्या टेबलावर. जुन्या जर्मन लिपीतलं एक अक्षर या पंडिताला लागत नाही. मला ती कॉन्व्हेंटमधल्या जर्मन सिस्टरनी फूटपट्टी मारून शिकवली. त्याच पत्रांवर याची डॉक्टरेट, जर्मनी, प्राध्यापकी. त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मी कोण? 'वसईतील एक शिक्षिका'.

५ नोव्हें., बुध.
भाषणासाठी पेटीतून पत्रांच्या झेरॉक्स बाहेर काढल्या. प्रत्येक पत्र सुईदोऱ्यानं शिवलेलं. सिस्टरची शिस्त, टाचणी गंजते म्हणून.
सतराव्या पत्राचं शेवटचं पान तत्त्वज्ञाचं नाहीच. त्याच्या भावाचं. सुटी पानं शिवताना मीच चुकीचं लावलं, त्याच क्रमानं उतरवलं. देवावरची श्रद्धा उडाल्याची कबुली नेमकी त्या पानावर, आणि रेमंडचा अख्खा ग्रंथ त्या कबुलीवर.
दोन भावांच्या अक्षराची दोन वळणं. आंधळ्यालाही दिसावं. मला दिसलं नाही. त्यानं तर मूळ पान उघडलंच नाही.
जेवले नाही.

७ नोव्हें., शुक्र.
रेमंडला बोलावलं. सेंट मारून आला. पान दाखवलं. पांढरा पडला, मग हसला.
"कोण बघतंय, टीचर?"
"पुस्तक मागे घे."
"आणि सांगू काय? माझ्या टीचरला धड शिवता येत नाही?"
नववीत असताना याच तोंडाला मी उभं केलं असतं, बाकावर.

८ नोव्हें., शनि.
सकाळीच पुन्हा हजर, केक घेऊन. दुसऱ्या आवृत्तीवर माझं नाव, त्याच्या शेजारी. पत्रांचं वाचन व जुळणी: मी. प्रकाशकाचा संमतीचा फॉर्म. "उद्या स्टेजवर प्रकाशकांच्या हातात द्या, टीचर. टाळ्या पडतील."
इतकी वर्षं बाई नको होती. आता चूक अंगावर घ्यायला बाई हवी.
तरी फॉर्मवर छापलेलं नाव तीनदा वाचलं. लाज वाटते लिहायला.
केक मांजरीला.

९ नोव्हें., रवि., मिस्साआधी
फॉर्म भरला. सहीच्या जागी जुन्या लिपीत चार ओळी. संमती की त्या पानाची हकिकत, ते या वहीतही लिहीत नाही.
प्रकाशकाला ती लिपी येत नाही. तो शेजारच्या पंडिताकडेच कागद देईल. सगळा गाव समोर. मग माईक माझ्याकडे आला की माझे दोन शब्द:
"वाचून दाखव."
रिक्षा आली.