रीस्लिंगच्या उतारावर पप्पा

पप्पा, तुम्ही जर्मनीहून परत आलात तो दिवस मला अजूनही आवडत नाही. धाकट्या भावाला तिथल्या मोझेल नदीवर, पर्यटकांच्या बोटीत स्वयंपाक्याची नोकरी लागली होती, आणि द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत त्याने तुम्हाला पंधरा दिवस बोलावून घेतलं. मी इथे नंदाखालच्या वाडीत राहिले. केळीला पाणी कोण देणार, आईचे गुडघे कोण चोळणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. ते माझंच होतं.

आलात ते रीस्लिंगच्या, म्हणजे तिथल्या पांढऱ्या वाइनच्या, दोन बाटल्या बनियनांत गुंडाळून. ओटीवर शेजारी जमले आणि तुम्ही सांगत सुटलात. "डोंगर म्हणजे उभी भिंत, खाली नदी. माती नायच. आपण अक्षरं गिरवायचो त्या पाटीचा दगड, फुटून पसरलेला. दिवसभर तापतो नि रात्री वेलीला ऊब देतो." जन्मभर सपाट वाडीत पाटाचं पाणी वळवलेला माणूस तुम्ही, हाताने उतार दाखवता दाखवता खुर्चीतून पुढे झुकता. मी चहा देते आहे. "आणि आमचा धाकटा त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलतो," तुम्ही म्हणता, आणि माझा कप तुम्ही न बघताच घेता. मग बाटली उघडली. मला ती आंबट लागली, हिरव्या सफरचंदासारखी, मागून लिंबाच्या सालीचा वास. "सुकी आहे," तुम्ही समजावलंत. "हिच्यातली साखर आंबतानाच संपते."

त्या नाताळलाही मी आपली वाइन केली, तुम्हीच शिकवलेली. काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, चिनी मातीची बरणी, रोज लाकडी डावाने ढवळणं. दरवर्षी तुम्ही दुसरा ग्लास मागायचात. त्या वर्षी एक घोट घेतलात आणि म्हणालात, "बाय, साखर जरा जास्त झाली का?" साखर नेहमीएवढीच होती. उरलेली सगळी वाइन मी माडाच्या बुंध्यात ओतली.

तुम्ही देवाघरी गेल्याला वर्ष झालं, तेव्हा चर्चमध्ये तुमच्यासाठी ठेवलेल्या मिस्साला धाकटा आला होता. माणसं पांगल्यावर तो माझ्याबरोबर भांडी पुसत होता, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्याकडून आल्यापासून पप्पांना इथलं काही गोडच लागेना."

त्याने ताट खाली ठेवलं. "तुला असं वाटतं? तिथल्या द्राक्षमळ्याच्या मालकिणीसमोर मला उभं केलं नि म्हणाले, सांग हिला, माझी लेक एकटी वाडी बघते. पान बघून केळीची तहान ओळखते. तोडणीवाल्यांनाही तेच. मी माझं किचन दाखवलं, तर 'बरं आहे' म्हणाले. बाय, पंधरा दिवस मी तुझंच भाषांतर करत होतो."

त्याचे डोळे भरले. थोरल्या बहिणीने ठेवावा तसा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे सगळं तुम्ही मला एकदा तरी समोर का नाही म्हणालात, ते विचारायला आज लिहायला बसले होते. पण हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून खरं तेच सांगते. तो रडत होता तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला ते सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून सांगायला लावलं.