आमी दोघं खालीच हाओत

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी नगरकडचे चौघं आले. नवराबायको, म्हातारी, एक पोरगी. मंदिराला आलेत, तीन दिवस वरच्या घरात राहणार. चावी दिली, गॅस दाखवला, शकूच्या फोनवरून शकूचं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली येऊन भाकर वाढून घेतली.
वर त्यांनी ते लावलं. जिन्यावरून आवाज उतरत आला.
"राम राम. जिना चढताना डोकं सांभाळा, दार बुटकं हाय. गिझरचं बटन लाल, न्हाणीच्या दाराच्या उजव्या अंगाला. प्यायचं पाणी माठात. मागची खिडकी लावून घ्या, वानरं येतेत. फडताळात कैरीच्या लोणच्याची बरणी हाय, घ्या, लाजू नका." मधीच माझा आवाज, चहा झाला का म्हणून. मग ती हसती. "थांबा ओ, रेकॉर्डिंग करायले." मग पुन्हा पाहुण्यांना, "काय लागलं तर हाक मारा, आमी दोघं खालीच हाओत."
भाकर तशीच राहिली. दरवेळी राहती, तरी दरवेळी वाढून घेतो.
थोड्या वेळानं वरून हाक, काकू, काडीपेटी आहे का? मीच घेऊन गेलो. बाई माझ्या मागं बघायली. काकू कुठंयत? म्हणलं, बाहेर गेल्यात.
शकू श्रावणात गेली. परभणीला नेलं तवा जीपमधी बोलत होती, वरचे पडदे भिजत घातलेत, पिळून वाळू घाला म्हणून. पडदे तिसऱ्या दिवशी लेकीनं, ज्योतीनं काढले, वास मारायलते. अन् मी म्हणतो बाहेर गेल्यात. जिभेला हाड न्हाई माणसाच्या.

१५ नोव्हेंबर, शनि.
नगरवाले गेले. बाईला निघताना काय द्यावं कळंना. शकू निघणाऱ्या प्रत्येक बाईची ओटी भरायची. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, कपाळाला कुंकू, पुन्हा या. आता घरात सवाष्ण न्हाई. मी नारळ उचलून बाईच्या नवऱ्याच्या हातात दिला. सारी उमर एस्टीत तिकिटं फाडली, तसाच दिला. तो म्हणला हे काय? म्हणलं राहू द्या.
लोणच्याची बरणी चार बोटं उतरली. घ्या, लाजू नका म्हणलं म्हणून काय फावड्यानं घ्यायचं?
शकूनं उन्हाळ्यात घातलेलं शेवटचं हाय ते. ह्यांना काय माहीत.

२१ नोव्हें.
गिझर जळला. घर फिरलं की घराचे वासे बी फिरतेत. सलीम वायरमननं परवा नवा बसवला. बटन बाहेर जिन्यापाशी, पांढरं.
आज लातूरचे काका. रेकॉर्डिंग ऐकून लाल बटन हुडकत बसले, शेवटी गार पाण्यानं अंघोळ करून शिंकत खाली आले. म्हणले, तुमच्या मिसेस चुकीचं सांगतात. माझं डोकंच सटकलं. म्हणलं ती चुकीचं सांगत न्हाई, गिझर चुकीचा बसलाय. लय वाजलं आमचं. काकाचा काय दोष होता तसा.
सं. सलीमला बोलावलं. बटन आत घे, न्हाणीच्या दाराच्या उजव्या अंगाला, अन् लाल लाव. तो म्हणला, चाचा, आता बसवलं की. रेकॉर्डिंगच नवं करा, दोन मिनिटाचं काम. मी त्याला उजव्या अंगाची भिंत बोटानं दाखवली. तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणला, लाल इथं मिळायचं न्हाई, परभणीहून आणतो.

२३ नोव्हें.
लाल बटन लागलं. उजव्या अंगाला. मी रेकॉर्डिंग लावून सगळं घर एकदा तपासलं. दार बुटकं, बरोबर. माठ, बरोबर. खिडकी, बरोबर. शेवटचं सोडून सगळं बरोबर.

२८ नोव्हें., शुक्र.
नांदेडहून ज्योतीचा फोन. आधी विचारलं भाजी काय केली, गोळ्या घेतल्या का, मग म्हणली,
"अण्णा, आईचा नंबर ऑनलाइन दिसतोय. रोज सकाळी."
म्हणलं पाहुण्यांना रेकॉर्डिंग पाठवावं लागतंय. माझा फोन बटनाचा, त्यात हे बसत न्हाई.
"मला माहीताय तुमीच असताव. तरी बी वाटतं, आता ती टायपिंग करल. पोरांचे डबे भरायचं सोडून मी बघत बसते."
रडली. मग चिडली. फोन बंद करा, मी नवा पाठवते म्हणली. माझ्यावरच गेलीय, रडली की चिडती.
बघू म्हणलं. नंतर शकूचा फोन घेऊन बसलो, बंद करायचं बटन दाबून धरलं. तो विचारतो, बंद करू का. न्हाई म्हणलं त्याला.
एकीला त्याच्यानं झोप न्हाई, एकाला त्याच्याबिगर न्हाई. काय करावं माणसानं.

५ डिसेंबर
करीमनगरच्या विजयम्माचा मेसेज!
दरवर्षी येतेत. मानवत रोडला उतरतेत, तिथून जीप. शकूला तेलुगू येत न्हाई, तिला मराठी न्हाई, दोघी ओट्यावर बसून कोणत्या भाषेत बोलायच्या देव जाणे. शकूला अक्का म्हणती, मला बावगारू, म्हंजे दाजी. मागच्या खेपेला लेक संगं होती. लग्नाला लय वर्षं झाल्ती, मूल न्हाई. निघताना शकूनं पोरीची ओटी भरली, कानात कायतरी सांगितलं. मी विचारलं तर म्हणली, बायकांचं हाय, तुमी बॅगा उचला.
आता पोरगी पोटुशी हाय. जानेवारीअखेर सातव्या महिन्यात घेऊन येती म्हणं. अक्काच्याच हातानं ओटी भरायची, मन्नत हाय.
वाचून आनंद झाला. लय झाला. स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणलं, अगं ए, ऐकलंस का, विजयम्माची पोरगी... म्हणल्यावर कळलं.
मग उत्तर. अक्का नहीं है, असं लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, हौ, आव. शकू असंच लिहायची. अंगठा माझा.

६ डिसें.
काल लय वाईट केलं मी. आज सांगू.

७ डिसें.
न्हाई सांगितलं.
तिला सांगितलं की शकू करीमनगरात बी मरती. आता तिथं तरी जित्ती हाय. ओट्यावर बसलेली हाय, कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन.

१८ डिसें.
बरणीचा तळ दिसायला लागला. सोलापूरचे पाहुणे उद्या येणार. रेकॉर्डिंगमधी तर बरणी हाय. मग काय, उरलेलं वाटीत काढून खाली आणलं, वर झाकण घालून देवघरात ठेवलं. शेजारच्या कलावतीवहिनींकडून त्यांचं लोणचं मागून आणलं अन् बरणी भरली. वहिनी म्हणल्या, भाऊजी, एकट्याला एवढं लोणचं? पोट जळल की. म्हणलं जळू द्या.

२० डिसें.
सोलापूरच्या बाई म्हणल्या, काकूंच्या हाताला काय चव आहे! मी हौ म्हणलं. खाली येऊन लय राग आला. बाईचा न्हाई, वहिनींचा न्हाई. कुणाचा ते कळंना. माठ धुवून काढला, दोनदा.

१४ जानेवारी, संक्रांत
यंदा आपल्याकडं सण न्हाई. ज्योती आली, गुळाची पोळी न करता आली. तिनं आल्या आल्या माझे शर्ट बघितले, दोन फेकून दिले.
दु. हिंगोलीचं एक जोडपं आलं, नवीन लग्नाचं. मी चावी द्यायला गेलतो, ज्योती जिन्यात उभी. पोरानं वर जाऊन रेकॉर्डिंग लावलं. मी विसरलोच की ज्योतीनं श्रावणानंतर ते ऐकलेलं न्हाई.
पायरीवरच बसली. "थांबा ओ"ला दोन्ही हात तोंडावर. संपलं. वरून नवी नवरी हसत म्हणली, किती गोड बोलतात ना ह्या.
मला वाटलं ज्योती आता फोन हिसकून घेती. न्हाई. खाली आली, चहा केला, माझ्याफुडं ठेवला. मग हळूच म्हणली,
"अण्णा, आईला अजून किती दिवस राबवताव?"
शकू जिवंत असताना बी ज्योती हेच म्हणायची मला. तवा मी म्हणायचो, तिलाच हौस हाय.

१५ जाने.
ज्योती गेली. नवा फोन खोक्यासकट टेबलावर ठेवून गेली. जाताना शकूच्या फोनला तिनंच चार्जिंग लावलं. का लावलं, ती जाणो.

२० जाने., मंगळ.
विजयम्मा. रविवारी सकाळच्या गाडीनं येतेत. लेक, जावई, ती. आणि खाली लिहिलंय: "अक्का, मुँह से बोलो जी. लिखा हुआ नक्को. बहुत दिन हुए आवाज सुनके."
मी काय करावं? जुनंच रेकॉर्डिंग पाठवलं. तिचं लगेच आलं, "ये तो पुराना है अक्का. इसमें बावगारू चाय माँग रहे." अन् हसायची चित्रं.
कपाळावर हात मारून घेतला.

२२ जाने.
कलावतीवहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं. म्हणलं पोरीची ओटी तुमी भरा, बाकी मी सांभाळतो. वहिनी तांदूळ निवडायल्या होत्या. हात थांबला.
"भरते की. खण बी माझ्याकडचा घालते. पण भाऊजी, पोटुशी बाईला फसवून उंबऱ्यात आणू नका. शकूला चाललं असतं का हे?"
न्हाई. शकूला चाललं नसतं. ती खोटं बोलायची ती फक्त माझ्या शुगरचं, डॉक्टरांपाशी.
घरी आलो. नव्या फोनचं खोकं फोडलं. पाच वेळा बोलून बघितलं. माझा आवाज म्हंजे चला, मागं सरका, दार अडवू नका. ह्या आवाजात कुणी मरण सांगत असतं का? सगळं पुसलं.
विजयम्मा म्हणली येत न्हाई, तर? मन्नतीची पोरगी हाय, दुखवट्याच्या घराला भ्याली तर तिचं काय चुकलं? अन् आली, तर ओट्यावर कुणाशी बोलल?

२४ जाने., शनि.
दिलं पाठवून. शकूच्याच फोनवरून, विजयम्मा तिथंच वाट बघायलीय म्हणून.
म्हणलं, विजयम्मा, मैं बावगारू. अक्का नहीं है. सावन में गई. इतने दिन मैंच लिख रहा था. हौ आव भी मैंच लिखा. तुम्हारी बच्ची का सुनके मेरे को खुशी हुई, वो झूठ नहीं. आना न आना तुम सोचो, मैं बुरा नहीं मानता. आये तो बाजूवाली वहिनी ओटी भरेगी, अच्छी बाई है. पानी भरके रखता हूँ.
इथपर्यंत ठरवलेलं होतं, कागदावर लिहून घेतलं होतं. बोट उचलायचं होतं. तर पुढचं आपोआप निघालं, मराठीत, तिच्याच चालीवर. काय लागलं तर हाक मारा, आमी दोघं खालीच हाओत.
बोट सुटलं. गेलं.
पुसता येतं म्हणं पाठवलेलं. न्हाई पुसलं.
दोन निळ्या खुणा झाल्या. मग तिकडून रेकॉर्डिंग चालू असल्याचं दिसायलं. थांबलं. पुन्हा दिसायलं. थांबलं. काहीच आलं न्हाई. मी समोर बसून रडलो, शकूच्या दहाव्याला बी रडलो नव्हतो इतका. तवा माणसं होती, जेवणावळ होती, कुणाला ताक वाढायचं राहिलं ते बघत होतो.
मग ज्योतीला फोन केला. सांगितलं, विजयम्माला खरं कळवलं. ती म्हणली, ऐकते अण्णा. फोन ठेवला न्हाई तिनं. दोघं फोन कानाला धरून बसलो.

२५ जाने., रवि.
विजयम्माचं काही न्हाई. गाडीत बसली का घरीच राहिली, कळायला मार्ग न्हाई. मी फोन केला न्हाई. तिला विचार करू द्यावा.
वर झाडून घेतलं. गादीवर धुतलेली चादर, पोरीला टेकायला जास्तीची उशी. माठ भरला. मागची खिडकी लावली. गिझरचं लाल बटन चालू करून ठेवलं, पाणी तापायलंय. वहिनींनी ताट तयार करून दिलंय, खण, नारळ, तांदूळ, झाकून ओट्यावर ठेवलंय.
बरणीतलं वहिनींचं लोणचं काढलं. बरणी धुवून, पुसून, उन्हात वाळवून घेतली. देवघरातल्या वाटीतलं शकूचं त्यात घातलं. पाच-सहा फोडी असतील, अन् खार. सातव्या महिन्यात आंबट मागतेतच पोरी.
मानवत रोडची गाडी येऊन गेली असल. तिथून जीपला जितका वेळ लागतो तितका लागल. दोनदा गल्लीत हॉर्न वाजला, दुसरेच होते.
दार उघडंच ठेवलंय. जिन्यातला दिवा लावलाय, दिवसा बी लावलाय, पोटुशा बाईला तिथं अंधार नको.
भाकर वाढून घेतली न्हाई आज.