थरारपटाची पहिली तीन मिनिटं

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे. तो आधी काढून टेबलावर ठेव आणि मगच पुढे वाच, नाहीतर तू सवयीने पाकीट केराच्या टोपलीत टाकशील आणि माझं वर्ष त्याच्याबरोबर जाईल.

झालंय असं, की आमच्या चित्रपटाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला थरारपटाची सुरुवातीची तीन मिनिटं बनवायची असतात. मग आपणच आपल्या फिल्मचं मूल्यमापन लिहायचं. थरारपटाचे जे ठरलेले संकेत असतात ते आपण कुठे पाळले, कुठे मोडले आणि त्यामुळे बघणाऱ्याचं काय झालं, असं. आम्ही चौघांनी फिल्म केली, ती बरी झाली. माझं मूल्यमापन मात्र परत आलं. मी लिहिलं होतं, की थरारपटात अंधार असतो, आमच्यात आहे. सावली असते, आहे. पावलं वाजतात, वाजतात. अनोळखी फोन येतो, येतो. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, की ही वाणसामानाची यादी आहे.

आता २५ तारखेच्या आत नव्याने लिहून द्यायचं आहे आणि त्यात चित्रपटाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका प्रेक्षकाचं खरंखुरं मत हवं. ते जमलं नाही तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. मित्रमैत्रिणी सगळं भारी आहे म्हणतात, त्यांचा काय उपयोग. आईला विचारता येत नाही, कारण फिल्ममध्ये तिचाही हात आहे. कसा, ते तू ओळख. ओळखल्यावर हसू नकोस, तिने फार मेहनत घेतली आहे.

गोष्ट सोपी आहे. वाचनालयातली बाई कुलूप लावून निघते, विसरलेली छत्री घ्यायला मागच्या खोलीत परत येते आणि तिथला फोन वाजतो. बाई म्हणजे माझी उंच मैत्रीण. शूटिंग भर दुपारी केलं, पण तुला ते कळणार नाही. आई म्हणते, तुझ्याशी फोनवर बोलण्यात राम नाही, तू नुसता हूं हूं करून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.

माझ्यावर लोभ आहेच, तो मत देताना विसरून जावा, ही विनंती.
तुझी,
भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह पोचला. या कागदाच्या मागे खोकल्याच्या औषधाची लेबलं दिसतील. रंग चुकला म्हणून छापखान्यात रद्द झालेला कागद आहे, पाठ चांगली कोरी आहे, टाकवेना.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या संगणकवालीच्या टेबलावर फिल्म पाहिली. ती लावून देऊन हात धुवायला गेली. मध्येच परत येऊन दारात दोन्ही कानांवर हात दाबून उभी राहिली, आणि यंत्रावरची दोघं माणसंही धावत आली. म्हणजे तुझी फिल्म नुसती दारातून बघूनसुद्धा माणसं घाबरतात, असं तुझ्या बाईंना खुशाल कळव.

आता माझं मत. खरं सांग म्हणालीस, तेव्हा नाक मुरडू नकोस. छापलेल्या कागदात काय चुकलं ते शोधण्यावर तीस वर्षं माझं पोट चाललं आहे. बाई खोलीत शिरते तेव्हा घड्याळात सव्वादोन आहेत आणि फोन उचलते तेव्हा दोनला दहा कमी. खिडकीला काळा कागद लावलात, पण उजव्या कोपऱ्यातून उन्हाची तिरीप आत येते. सावली एवढी मोठी आहे, की कोणीतरी दिव्यापुढे हौसेने उभं आहे हे लगेच कळतं. आणि सुरुवातीला दीड मिनिट ती बाई कपाटांमधून नुसती चालते. थांबते, मान वळवते, पुन्हा चालते. मला वाटलं हिचा चष्मा हरवला असावा. हसू आलं, खोटं कशाला सांगू.

पण मग ती फोन उचलते आणि तिथे मी खुर्चीत पुढे सरकलो. पलीकडचं माणूस काय म्हणतंय ते तुम्ही आम्हाला कळूच दिलं नाहीत. नुसता तिचा चेहरा. आधी ती हसते, मग हसू ओठांवर तसंच राहून जातं आणि डोळे तेवढे बदलतात. कोण असेल, काय सांगत असेल, याचा मला थांग लागेना. मागे नेऊन चार वेळा पाहिलं. थरारपट म्हणजे नुसती आदळआपट, असं मी समजत होतो. इतकं शांत ठेवायची हिंमत तुम्हा पोरांना कशी झाली, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

ताईचा हात ओळखला बरं का. तो जांभळा पडदा तिच्याच शिलाईचा, टीप वाकडी आहे. हे तिला सांगायचं नाही. फोनचं म्हणशील, तर मला त्या यंत्राचा कंटाळा. पत्रात माणूस विचार करून बोलतो.

अभ्यासावर लोभ ठेव, माझा तुझ्यावर आहेच.
तुझा,
मामा

१४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा शांत या शब्दाखाली रेघ मारली.

मामा, त्या तीन मिनिटांत शांत असं एक सेकंदही नाही. पावलं आहेत, करकरणारं दार आहे, आणि ज्या दीड मिनिटात बाई चालते त्यात आमच्या ढोलवाल्या मित्राने जीव तोडून ढोल बडवला आहे. फोनवर पलीकडून एक बाई अगदी गोड आवाजात सांगते, की दिवा लावलास ते बरं केलंस, आता मागे वळू नकोस. तो आवाज आईचा आहे. अकरा वेळा रेकॉर्ड करावा लागला, कारण दर वेळी ती शेवटी बाळा म्हणायची. तुझी सख्खी बहीण बोलतेय आणि तू पडद्याची टीप बघतोस. तुझी संगणकवालीही घाबरली नव्हती. आवाज पूर्ण सोडलेला होता, म्हणून तिने कानांवर हात ठेवले.

मग एकेक आठवत गेलं. मागे आलास तेव्हा दाराशेजारी पेपर वाचत बसला होतास, बेल तीनदा वाजली आणि आम्ही तुला आळशी म्हणालो. तुला ऐकू येत नाही ना? कधीपासून, आणि आम्हाला का सांगितलं नाहीस?

काल मी आवाज बंद करून आमची फिल्म पाहिली. खरंच तिचा चष्मा हरवला आहे. आमची सगळी भीती ढोलवाल्याकडून उसनी आणलेली होती. अंधार, सावली, फोन हे सगळं आम्ही नुसतं मांडून ठेवलं होतं, बघणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो की नाही ते कोणी पाहिलंच नाही. तो प्रश्न एकाच ठिकाणी उभा राहिला, तू चार वेळा पाहिलेल्या जागी, आणि तिथेही आम्ही आवाज घालून त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. आता आम्ही ढोल काढला, चालणं वीस सेकंदांवर आणलं आणि फोनमधला आवाज पूर्ण काढला. वर्गात लावली तर मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबली.

माझ्या मूल्यमापनातला सगळ्यात चांगला परिच्छेद तुझा आहे. पण तो लिहायचा तर तुला ऐकू येत नाही हेही लिहावं लागेल, आणि आमची मूल्यमापनं पालकांसमोर वाचतात. लिहू का, ते लगेच कळव.

रागावलास तरी लोभ तेवढा शाबूत ठेव.
भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पितळ उघडं पडलं म्हणायचं. डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजव्याने दोन वर्षांपूर्वी त्याचा कित्ता गिरवला. छपाईयंत्राच्या बाजूला जन्म काढल्यावर कानांनी तरी किती सोसावं. काम अडत नाही. यंत्र बिघडलं तर ते माझ्या तळव्यांना कळतं.

लिहायचं नाही. ताईला कळलं तर ती पहिल्या गाडीने येईल, मला उचलून तुमच्या मधल्या खोलीत नेऊन ठेवील आणि दर तासाला कसं वाटतंय विचारील. तिची माया मला ठाऊक आहे, पण मला माझी खोली आणि माझं काम हवं. तू असं लिही, की मामाला मुद्दाम आवाज बंद करून फिल्म दाखवली. त्यात तुझीच हुशारी दिसेल आणि कोणाचं काही बिघडणार नाही.

हे पत्र वाचून फाडून टाक. लोभ आहे, पण जरा घुश्शात आहे.
मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं लिहून बाईंना कच्चा मसुदा दाखवला. त्यांनी विचारलं, की आवाज बंद केला होता हे तुझ्या मामांना माहीत होतं, तर मग त्यांनी शांत ठेवण्याच्या हिंमतीचं कौतुक कसं केलं? तुला ती खरीच शांत वाटली, म्हणून तर तुझ्या मताला किंमत आहे. खोटं लिहिलं की परिच्छेद पडतो, आणि परिच्छेद पडला की मी पडते.

आणखी एक झालं. फिल्ममधून तिचा आवाज काढून टाकल्याचं आईला कळलं. मी काहीबाही कारण सांगितलं. ती म्हणाली, की मामाला दाखवली होतीस ना, त्यालाच माझा आवाज नकोसा झाला असेल. दोन वर्षं तो माझ्याशी धड बोलत नाही, कशावरून रागावलाय तेवढं तरी त्याला विचार, म्हणाली. मी तोंड शिवून बसले, कारण गुपित तुझं आहे. पण तू रागावलेला नाहीस हे मला माहीत आहे आणि तिला नाही, हे मला सहन होत नाही.

वर्ष गेलं तरी चालेल असं मी म्हणणार नाही, कारण ते चालणार नाही. पण तुझ्या परवानगीशिवाय एक ओळही लिहिणार नाही. २५ ला मंगळवार आहे.

लोभाचं तूच ठरव.
भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लिही. कोणता कान कधी गेला तेही लिही.

ताईला मी रागावलोय असं वाटतं, हे वाचून मी यंत्र बंद केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. मालक विचारायला आले, त्यांनाही सांगून टाकलं. ते म्हणाले, की छापखान्यात सगळ्यांना कधीचं माहीत आहे, म्हणून तर सगळे तुमच्यासमोर येऊन बोलतात. इतकी वर्षं मी त्यांना अदबशीर समजत होतो.

फोनवर ताई बोलायची आणि मला नुसती घरघर यायची. एकदा तिने शेजारीण जिन्यावरून पडल्याचं सांगितलं आणि मी छान झालं म्हणालो. ते मला पुढे तुझ्या एका पत्रातून कळलं. तेव्हापासून भलत्या जागी होकार जाऊ नये म्हणून हूं वर भागवत आलो. ताकास तूर लागू देत नाही अशी घमेंड होती मला, आणि तिकडे ती स्वतःला बोल लावत बसली. मला फार लाज वाटते आहे.

तिला हे लिहायला हात उचलत नाही. तू वाचशील तेव्हा कळेल तेच बरं. लोभ असू दे, गरज पडणार आहे.
मामा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कन्या पास झाली, दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. हे आधी सांगते, कारण नाहीतर तू शेवट आधी वाचशील.

काल आम्हा पालकांना कॉलेजात बोलावलं होतं. आधी फिल्म दाखवली. त्या फोनवर काय म्हटलंय ते मला पाठ, अकरा वेळा म्हटलेलं. तरी ती मुलगी फोन कानाला लावून उभी राहिली, तेव्हा पलीकडे कोण असेल या विचाराने माझ्याच अंगावर काटा आला. सगळा हॉल पुढे झुकला होता. माझा आवाज काढला ते बरं केलं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही, शेफारेल.

मग तिने मूल्यमापन वाचलं. आमच्या प्रेक्षकाला ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही आवाजाआड जे लपवलं होतं ते त्याला दिसलं, असं तिने म्हटलं आणि पुढे तो प्रेक्षक कोण तेही सांगितलं. बाकीच्या मुलांनी वाक्य लिहून घ्यायला वह्या काढल्या, मी रुमाल काढला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, की एवढी हुशार मुलगी असली की डोळे भरून येणारच. मी मान हलवली. खरं तर मी रडत होते ते माझा भाऊ माझ्यावर रागावलेला नाही म्हणून.

दोन वर्षं मी आपलं काय चुकलं ते शोधत होते. बरंच सापडलंही. आईचं शिलाईयंत्र तुला न विचारता आणलं ते, तुझ्या आजारपणात दोनच दिवस राहिले ते, लहानपणी तुझ्या नावावर खपवलेल्या फुटलेल्या बरण्या. एकेका गोष्टीची मनातल्या मनात माफी मागून झाली. ती सगळी फुकट गेली.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. धास्तावू नकोस, तुला उचलून आणणार नाही. तुझी खोली तुझी, तुझं काम तुझं. सोमवारी तुझ्याच गावातल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, कानात घालायचं यंत्र उपयोगी पडेल की नाही ते तपासून सांगतील म्हणाले. पण रविवार माझा. खिडकीशी उजेडात दोन खुर्च्या समोरासमोर मांड. मी सावकाश बोलेन, तू माझ्या तोंडाकडे बघ, आणि नाही कळलं तर हूं न म्हणता नाही कळलं म्हण. दोन वर्षांचं साठलंय आणि त्यातलं निम्मं भांडण आहे. ते मात्र मी सावकाश करणार नाही, ते तुला माझ्या चेहऱ्यावरून कळेल.

लोभाची विनंती या खेपेला समक्षच करते.
तुझी,
ताई