तंबू मॅडमने पसंत केला

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीतून शाळा सोडली, म्हणून हे जसं जमेल तसं लिहिते. तू गेलीस तेव्हा तुझी नात तीन वर्षांची होती. आता बँकेत नोकरीला आहे, आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायला जाते. साधे नाही, दोर बांधून कडे चढते. कशाला गं, म्हणून विचारलं तर म्हणते, "मम्मी, तुला नाही कळणार." या वेळी हिमाचलात निघाली, बर्फाच्या बाजूला, आठ दिवस. त्यासाठी तिला तंबू घ्यायचा होता, पाठीवर नेता येईल असा हलका. तो पसंत करायला तिने तिच्या मॅडमला बोलावलं. मलाही वर बोलावलं, कारण धाब्याची, म्हणजे गच्चीची, किल्ली माझ्याकडे असते.

ही मॅडम म्हणजे शाळेतली मास्तरीण, सुट्टीत पोरींना डोंगरावर नेते. माझ्याच वयाची. पण चार जिने चढून आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्याच्या धाब्यावर आली आणि तिला धाप नाही. मी दिवसभर बसून साड्यांना लेस लावते, माझे गुडघे उठतानाच बोंबलतात. पोरगी तिच्याशी बोलताना अशी हसते की मी टाकीपाशी उभी राहून बघतच राहिले. घरात तिचं हसणं मी कधी ऐकलं ते आठवावं लागेल.

दोन तंबू मागून आणले होते, उभे करून बघायला. एक दुहेरी, आत जाळी, वरून कापड. दुसरा एकाच कापडाचा, घडी केली की दोन साड्यांएवढा. मॅडम म्हणाली, चढताना पाठीवर पाव किलोसुद्धा जाणवतो, हाच घे. मी कापड चिमटीत धरून चोळलं. कापडाचं मला कळतं, हातातून रोज तेच जातं. म्हटलं, "हे काय कापड झालं? ब्लाउजचं अस्तर याच्यापेक्षा दणकट असतं." पोरगी म्हणाली, "मम्मी, प्लीज." तिचं ते प्लीज मला चावतं. मी टाकीतून बादली भरली आणि मॅडम आत बसलेली असतानाच वरून ओतली. दुसरीही ओतली. थोड्या वेळाने मॅडम बाहेर येते, केससुद्धा कोरडे, आणि म्हणते, "ताई, अजून आहे का पाणी?" पोरगी टाळ्या वाजवते. माझ्या हातात रिकामी बादली.

दोघी खाली चहाला गेल्यावर मी तंबूत शिरले, दार ओढून घेतलं आणि आडवी पडले. बघू तरी म्हटलं, काय सुख आहे यात. ऊन उतरलं होतं, वारा गार होता. जरा वेळाने कापडाला हात लागला, तर ओलं. बाहेरून नाही, आतून. माझाच श्वास.

तेव्हा मला चलथाण आठवलं. ऊसतोडीला गेलो होतो, मी सात वर्षांची. बांबूवर प्लास्टिकचा कागद टाकून केलेली आपली झोपडी. बापाने थंडीसाठी चारी बाजू दाबून बंद केल्या, आणि रोज सकाळी गोधडी ओली. बाप म्हणाला दव आहे. तू म्हणालीस, दव नाही, आपलाच दम आहे. तू वर एक भोक पाडलंस, आणि वारा नव्हता त्या अंगाला कागदाखाली विटा ठेवून वीतभर फट ठेवलीस. मला थंडी वाजली, मी विटा काढल्या. तू फाडकन दिलीस एक. "दम कोंडाई जाई वं पोरी, उघडं राहू दे." आणि मग मला आत सरकवून त्या फटीशी तू स्वतः झोपलीस. पुढे सुरतेत पत्र्याची खोली मिळाली, तेव्हा आत गेल्यागेल्या तू भिंतीला हात लावून बघितलंस. ते मला दिसतं अजून.

माय, मी खाली गेले आणि यातलं काही बोलले नाही. तीन दिवस बोलले नाही. तसाच नवा तंबू आला, पोरगी बॅग भरत होती, मी चपात्या बांधून दिल्या, तरी नाही. वाटलं, भिजू दे एकदा मॅडमची पसंती. येऊन म्हणू दे पोरगी, की मॅडमला कळत नाही. बर्फात ओल्या अंथरुणात माझीच पोर झोपणार, हे कळत होतं तरी जीभ उचलत नव्हती. आणि हेही खरं, की मला पोरीचाच राग होता. तिला कागदाखाली झोपावं लागत नाही, ती हौसेने चालली आहे, आणि परत येऊन गादीवर झोपणार आहे. मला असं कुणी कुठं नेलं?

काल सकाळी पर्वत पाटियाच्या नाक्यावर बस लागली. पोरगी चढायला निघाली, पाठीवर तो तंबू, आणि मला राहवलं नाही. तिला दंडाला धरून मागे ओढली. म्हटलं, "वरची झडप बंद करायची नाही. दाराची चेन खालून वीतभर उघडी, वारा नसेल त्या अंगाला. नाहीतर सकाळी सगळं ओलं." मॅडमही सोबत निघाली होती, ती पुढे आली. म्हणाली, "अगदी बरोबर, ताई. पण थंडी वाजली की मुली बंद करून टाकतात हो."

"मग त्या फटीशी तुम्ही झोपा," मी म्हटलं.

पोरगी लाजेने लाल झाली. मॅडम मात्र हसली नाही. "झोपेन," म्हणाली. आणि ते ऐकूनही माझा जळफळाटच झाला, की तिथे ती झोपणार, मी नाही.

मग पोरीने विचारलं, "मम्मी, हे तुला कुणी शिकवलं?" ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी मॅडमकडे बघते. मी म्हटलं, "कोण शिकवणार? माझं मला कळतं." तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. बस गेली तरी मी तुझं नाव घेतलं नव्हतं. रात्री तिचा फोन आला, तेव्हाही घेतलं नाही. ती परत आली की सांगीन, असं इथे लिहिणार होते. पण मला नाही वाटत मी सांगीन.