माझ्या हाताचा गुण

रविवार, ५ जानेवारी. चर्चहून आल्यावर.

मी सांगते, सूनबाई लिहिते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे ही वही मी स्वतःसुद्धा चोरून वाचू शकत नाही. इतकी सुरक्षित वही साऱ्या अबेओकुटा शहरात सापडायची नाही.

कारण असं. आमची आयोका, वय वर्षं आठ, माझ्या एकुलत्या मुलाची एकुलती मुलगी. नाताळच्या सुट्टीआधी तिच्या शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, की मुलीचे कानशिलांवरचे केस विरळ होत चाललेत, घरच्यांनी लक्ष द्यावं. सूनबाईने चिठ्ठी वाचून दाखवली. डोक्याचा रुमाल तेवढा पुढे ओढून घेतला. मुलगा अदिगुन लागोसहून फोनवर म्हणाला, आई, ईस्टरपर्यंत बघू. केस आले नाहीत तर आयोकाचं डोकं बँकेखालच्या सलूनवालीकडे देऊ. तू आता आराम कर.

आराम. साठ वर्षं मी डोकी विंचरते आहे. हाताला गुण असला की त्या हाताखाली केस वाढतात, नसला की गळतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या हाताला गुण आहे. रविवारची दुपार, माझे दोन गुडघे आणि मध्ये आयोकाचं डोकं. तेच काढून घेतलं तर मी आठवडाभर वाट कशाची बघायची?

केस का गेले ते मी लगेच ओळखलं. नूडल्स.

आजपासून घरात नूडल्स बंद. बाटलीतला शांपू बंद. सूपात टाकतात ती पाकिटातली मसाल्याची वडी बंद. यापुढे काळा साबण, शिया बटर, पाला, चवळी, मासळी, आणि सगळं माझ्या हातचं. काय खाल्लं, काय लावलं, ते इथे लिहायचं आणि ईस्टरला अदिगुनसमोर मोठ्याने वाचायचं. म्हणजे बँकेखालचं सलून त्याच्या तोंडून पुन्हा निघायचं नाही.

आजची वेणी: कपाळापासून मागे नेलेल्या बारीक बारा. कुठल्या आठवड्याला कुठली वेणी ते शाळाच ठरवते, कागद भिंतीवर लावलाय. घट्ट घातल्या. आयोकाचे डोळे कोपऱ्यांनी वर गेले. हुशार दिसते.

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी.

पोरगी रात्री बसून झोपली. उशीला डोकं टेकवेना. म्हणाली, आजी, भुवया खाली येतच नाहीत. म्हटलं, मग वेणी आठवडाभर टिकली समज.

नाश्ता: पानात उकडलेलं चवळीचं मोइन-मोइन. तिने नूडल्सची चौकशी केली. नूडल्सने केस कसे मरतात ते मी तिला समजावून सांगितलं. शाळेला उशीर झाला.

बुधवार, ८ जानेवारी.

एवेडूच्या पाल्याचं सूप. त्यात इरू, म्हणजे आंबवलेल्या बिया, आणि सुका जवळा. वडी नाही. इरूचा वास फाटकापर्यंत. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मीही नाही, पण माझं पोट जरा भरलेलं होतं.

शुक्रवार, १० जानेवारी.

तेच सूप. अर्धी वडी घातली. अर्धी म्हणजे बंद असल्यासारखीच. उरलेली अर्धी लुगड्याच्या गाठीत ठेवलीय. मोह जवळ असूनही आवरता येतो का, ते बघायचंय.

संध्याकाळी. आवरला नाही.

रविवार, १२ जानेवारी.

या आठवड्याला शुकू. चारी बाजूंनी केस वर ओढून टाळूवर टोपलीसारखे गोळा करायचे. हिच्यात माझा हात धरणारं कोणी नाही. आयोका रडली. कंगव्याच्या दांड्याने हळूच टपली दिली, माझी आई मला द्यायची तशी.

सूनबाई तांदूळ निवडत होती. म्हणाली, आई, कानशिलांपाशी जरा सैल धरता का. मी म्हटलं, सैलच घालायची तर घालायची कशाला? डोक्याला रुमाल बांधावा तुझ्यासारखा आणि मोकळं व्हावं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. हा तिचा गुण मला आवडतो. एकदाच बोलते.

कंगव्यात आलेले केस दुधाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. उघड्यावर टाकले तर कोणाच्याही हाती लागतील. डबा भरला की चुलीत.

मंगळवार, १४ जानेवारी.

कपाळाच्या कडेने, वेण्या सुरू होतात तिथे, बाजरीएवढ्या पांढऱ्या पुटकुळ्या. लक्षण उत्तम. नूडल्स बाहेर पडताहेत. वर शिया बटर चोपडलं.

शुक्रवार, १७ जानेवारी.

शेवग्याचा पाला, लाल पाम तेल, मागूर मासा. पाऊण वडी.

कानशील अजून विरळच. कारण शोधते आहे. वाळवंटाकडून येणारे धुळीचे वारे असतील. शाळेची टोपी असेल. शेजारची तिनुकेची आईही असू शकेल. भजी विकून घरी जाताना फाटकाशी थांबते, आयोकाच्या कपाळाकडे टक लावून बघते आणि सुस्कारा सोडते. पोरीला नजर लागली असणार.

रविवार, १९ जानेवारी.

पुन्हा मागे नेलेल्या बारा. आयोका आज रडली नाही. दोन्ही मुठींत माझं लुगडं घट्ट धरून बसली होती. सुधारणा आहे.

पूर्वी रविवारी माझ्या ओट्यावर आठ-आठ डोकी रांगेत असायची. तिनुकेच्या आईच्या लग्नाची वेणी मी घातली, शिंपिणीची मी घातली, सूनबाईची तर घातलीच. आता कोणी फिरकत नाही. फॅशन आली, दुसरं काय. पण संस्कार कुठे जात नाहीत. आमच्या गल्लीतल्या बायका बघा, सगळ्यांचे रुमाल कसे खाली भुवयांपर्यंत. इतक्या शालीन बायका दुसऱ्या गल्लीत नाहीत. सूनबाईचा रुमाल तर आयोका पोटात असल्यापासून तिच्या डोक्यावरच आहे. मी तो आळस धरते, पण चारचौघांत शालीनताच सांगते.

इथे सूनबाई पेन्सिलीला टोक करायला गेली. टोक होतं.

डबा अर्धा भरला.

शनिवार, २५ जानेवारी.

पिठाच्या पाकिटावर विश्वास नाही म्हणून यामचा कंद उकडून स्वतः उखळात कुटायला घेतला. सूनबाई म्हणाली, आई, मी कुटते. म्हटलं, तुझ्या मनगटात जोर नाही. मुसळ निसटलं. उजवं मनगट यामएवढं सुजलं. हाडवैद्याने पाला लावून पट्ट्या बांधल्या, चार आठवडे हात हलवायचा नाही म्हणाला. तो तरुण आहे, त्याला काय कळतं. आठवड्यात बरी होते की नाही बघा.

रविवार, २६ जानेवारी.

बरी नाही. आयोकाची वेणी तिच्या आईने घातली. बाई, काय ती वेणी. कोंबडीने अंडं घालायला जागा करावी तशी. मंगळवारपर्यंत सुटेल.

रात्री पोरगी पालथी झोपली, तोंड उघडं ठेवून.

शनिवार, १ फेब्रुवारी.

सुटली नाही. दिसायला मात्र तशीच.

हात बांधलेला, म्हणून स्वयंपाक तोंडाने चालू आहे. मी बाकावरून सांगते, सूनबाई करते. वडी मात्र मीच घालते, डाव्या हाताने, ती पाणी आणायला गेली की. अख्खी. आजारपणात ताकद लागते.

रविवार, ९ फेब्रुवारी.

पुन्हा सूनबाईची वेणी. आयोका वेणी घालून घेताना गाणं म्हणत होती. डोकं विंचरताना गाणं. आमच्या वेळी असं नव्हतं.

पुटकुळ्या गेल्या. शिया बटर.

रविवार, १६ फेब्रुवारी.

लिही, मोठ्या अक्षरात लिही. केस आले.

दोन्ही कानशिलांवर. पीच फळावर असते तशी बारीक लव, पण काळी आणि मऊ. मी डावा अंगठा फिरवून खात्री केली. सहा आठवड्यांत. ईस्टरला अजून दोन महिने आहेत. सूप. शेवगा. मी काय म्हणत होते?

अदिगुनला फोन लावायला सांगितला. तो म्हणाला, आई, तू जिंकलीस. हे शब्द तसेच लिही.

तिनुकेच्या आईला भिंतीवरून सूपाची कृती सांगितली. वडीचं राहून गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मावशी, हात कसा आहे. म्हटलं, येत्या रविवारी पट्ट्या निघतील. ती म्हणाली, घाई कसली मावशी, आणखी आराम करा. किती काळजी करतात सगळे माझी.

येत्या आठवड्याला शुकू आहे. नवीन केसांवर पहिली वेणी माझ्याच हातची.

रविवार, २३ फेब्रुवारी.

पट्ट्या निघाल्या. चर्चहून आल्यावर ओट्यावर बसले, कंगवा घेतला, आयोकाला हाक मारली. पाण्याच्या पिंपामागे सापडली. स्वतःच पाट घेऊन आली, माझ्या गुडघ्यांमध्ये बसली, डोळे मिटले, मुठीत माझं लुगडं धरलं. मग विचारलं, आजी, आज हात दुखत नाही? थोडासा पण नाही?

मला हसू आलं. म्हटलं, थांब, आधी ऐक तुझे केस कुणी आणले ते. सूनबाईला सांगितलं, वही आण, पहिल्यापासून वाच.

तिने वाचलं.

आपण सांगितलेलं आपल्याच कानांनी मी पहिल्यांदा ऐकलं. कुणा भलत्याच म्हातारीची हकिकत ऐकावी तसं वाटत होतं. बाई फार बोलते. एक रविवार आला, पोरगी बसून झोपली. दुसरा रविवार आला, पुटकुळ्या उठल्या. तिसरा रविवार आला, डबा अर्धा भरला. मग म्हातारीने स्वतःचं मनगट मोडून घेतलं आणि पोरगी पालथी झोपली. मग गाणं. मग केस. सूप तर सगळीकडे होतं, पहिल्या आठवड्यापासून. सूनबाईचा आवाज एकसारखा, वर नाही, खाली नाही, बाजाराची यादी वाचावी तसा.

वाचून झालं. मी कंगवा बाजूला ठेवला. आयोकाला म्हटलं, जा खेळायला. ती अशी पळाली की पाट उलटला.

मग सूनबाईला म्हटलं, रुमाल काढ.

ती म्हणाली, आई, राहू द्या.

काढ म्हटलं.

तिने काढला. दोन्ही कानांच्या वर चार-चार बोटं काही नाही. घासून ठेवलेल्या तुंब्यासारखं गुळगुळीत. मागे केस आहेत, चांगले दाट आहेत. पुढे नाहीत. लग्नाच्या दिवशी तिथे माझी शुकू होती, लोक विचारत होते कुणाच्या हातची म्हणून.

कधीपासून, मी विचारलं. म्हणाली, आयोका पोटात होती तेव्हापासून. मला वाटलं गरोदरपणाने. नंतर आलेच नाहीत.

मी म्हटलं, मग नऊ वर्षांत मला सांगायचं नाहीस का.

ती म्हणाली, सांगितलं होतं की आई. बारा जानेवारी. लिहिलंय.

संध्याकाळी. डबा चुलीत टाकला. केस जळतात तेव्हा फार घाण वास येतो. इरूचा काहीच नाही त्यापुढे.

रविवार, २ मार्च.

वेणी सूनबाईने घातली. मी समोर बसून कंगवा धरला, मागितला की द्यायचा. इतकं काम जमतं.

दुपारी तिनुकेची आई आली, बरोबर तिनुके. मला म्हणाली, सूप सुरू केलंय मावशी. येत्या शनिवारी धाकट्या भावाच्या बाळाचं बारसं आहे, म्हटलं तिनुकेची वेणी... इतकं बोलून सूनबाईकडे वळली. तुझ्याकडे वेळ आहे का गं?

मी तिथेच बसलेली. माझ्याकडे वेळच वेळ आहे, हे तिला दिसत होतं.

मी आठवडाभर ठरवत होते की गल्लीत प्रत्येकीच्या दारी जायचं आणि सांगायचं. काय सांगायचं तेही पाठ केलं होतं. शिंपिणीच्या दारापर्यंत जाऊन परतसुद्धा आले, ऊन होतं. आता ही समोर उभी. माझ्या हातून वेणी घालून सासरी गेलेली. तोंड उघडलं. बाहेर निघालं ते असं, की बाई, मी तुझ्याशी खोटं बोलले. सूपात वडी असते.

ती हसली. म्हणाली, अहो मावशी, तुमच्या सूपात वडी असते हे अख्ख्या गल्लीला वीस वर्षांपासून माहीत आहे. कोणी कधी बोललं का तुम्हाला?

आणि तिने रुमाल नीट केला. खाली, भुवयांपर्यंत.

शिंपीण रस्त्याने चालली होती, तिचाही तसाच. मी पलीकडच्या घरांकडे बघायला लागले आणि मग बघायचं सोडून दिलं.

सूनबाई, पहिल्या पानावर ‘मला अक्षर येत नाही’ असं लिहिलंय ना, बँकेतही मी अंगठाच उठवते म्हणून? ते खोडून टाक. सही येते मला. गल्लीभर, रुमालांखाली केलेली आहे.

नको, खोडू नकोस. ईस्टरला अदिगुनला सगळं वाचून दाखव, जसंच्या तसं. मी तेव्हा पाण्याच्या पिंपामागे असेन.

आजचं जेवण: एवेडू, मोइन-मोइन. वडी एक, अख्खी, सगळ्यांसमोर.