टाकीवरचं नेटवर्क

माय, तुला फोनबद्दल लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. तू गेलीस तेव्हा आपल्या गावात एकच फोन होता, सरपंचाकडे, आणि तो वाजला की कोणी तरी गेलं असं समजून बाया आधीच पदर डोळ्याला लावायच्या. आता प्रत्येकाकडे एक आहे. माझ्याकडेही आहे, आणि गेले काही महिने मी त्या फोनच्या कंपनीच्या तावडीतून सुटायची धडपड करत होते. सुटका कशी झाली ते तुला सांगते. मला स्वतःला ती अजून नीट समजलेली नाही.

दादाला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. वहिनी आधीच गेलेली, पोरं पुण्याला. मी शाळेतून रिटायर झालेलीच होते, तेव्हा अकोल्याच्या घराला कुलूप लावलं आणि परतवाड्याजवळच्या आपल्या वावरातल्या घरी येऊन राहिले. तू शेवंती लावायचीस तिथं आता संत्र्याची झाडं आहेत. सगळं जमलं, पण घरात माझा फोन लागेना. एका दुपारी दादा खाटेवरून घसरून पडला, कपाळ फुटलं. मी फोन घेऊन आधी अंगणात, मग वावरात, मग बांधावर पळतेय, आणि फोन म्हणतोय सेवा उपलब्ध नाही. शेवटी शेजारच्या वावरातल्या काकूंनी त्यांच्या फोनवरून गाडी बोलावली. दवाखान्यातून परत आल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या कंपनीचं घ्या ना. आमचं त चुलीपाशीई लागते."

एवढं सोपं असेल असं मलाही वाटलं होतं. पण अकोल्यात असताना मी एका कागदावर सही केली होती. दोन वर्षं कंपनी सोडायची नाही, त्या बदल्यात बिल कमी. मधेच सोडलं तर दंड, आणि दंड भरल्याशिवाय नंबर दुसरीकडे नेऊ देणार नाहीत. दादाच्या डॉक्टरांकडे, बँकेत, पेन्शनीत, सगळीकडे तोच नंबर. मी अकोल्याच्या त्यांच्या दुकानात गेले. टाय लावलेला एक जण हसून म्हणाला, "मॅडम, दंड भरा, लगेच मोकळ्या व्हाल." मग काकूंच्या फोनवरून कंपनीला फोन लावला. आधी मशीन बोलतं, हे दाबा, ते दाबा, मग गाणं, मग एक मुलगी. ती म्हणाली, पत्ता बदलला आणि तिथं नेटवर्क नसेल तर दंड माफ होतो. दुसऱ्या दिवशी दुसरी म्हणाली, असा नियमच नाही. तिसरी म्हणाली, नियम आहे, पण तुमच्या भागात नेटवर्क चांगलं आहे, नकाशावर दिसतंय. मी विचारलं, "नकाशावर माझं घर दिसतं का?" म्हणाली, हो. "मग त्या घरात माझा फोन का लागत नाही?" तिनं थांबायला सांगितलं आणि परत गाणं सुरू झालं. माय, मी इतकी वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं, पण या तिघींपैकी खरं कोण बोलतंय ते मला सांगता येईना.

तेव्हा मला तू आठवलीस. अमरावतीच्या त्या डेकोरेशनवाल्याशी तू बोली केली होतीस, लग्नसराईभर सगळी शेवंती त्यालाच, आणि न्यायला गाडी त्याची. गाडी काही येईना. फुलं वावरातच माना टाकू लागली, तशी तू टोपली ओल्या पोत्यात गुंडाळलीस, मला घेऊन एसटीत बसलीस आणि थेट त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलीस. तो म्हणतोय, बोली म्हणजे बोली, दुसऱ्याला माल दिला तर माझ्याकडे ठेवलेली तुमची अनामत विसरा. आणि तू आवाज न चढवता विचारते आहेस, "गाडी तुमची येत नाई, न् बोली म्या मोडली म्हन्ता? काहून?" तो काही तरी बोलतो, तू परत तेच विचारतेस. गिऱ्हाइकं बघायला लागली. मी लाजून तुझा पदर ओढत होते. शेवटी त्यानं अनामत तुझ्या हातात ठेवली आणि जा म्हणाला. परतीच्या गाडीत मी म्हटलं, तू सगळ्यांसमोर भांडलीस. तू माझ्यावर डाफरलीस, "भांडली नाई. इचारलं. लाजत कायले होती, चोरी केली का आपन?"

मीही मग विचारलं. कंपनीला लिहून पाठवलं, नेटवर्क देणं तुमचं काम, बिल भरणं माझं. मी माझं काम चुकवलेलं नाही, मग करार मी कसा मोडला? उत्तर नाही आलं की वरच्या अधिकाऱ्याला परत तेच. एक दिवस त्यांचा माणूस यंत्र घेऊन घरी आला. खोल्यांतून फिरला, अंगणात फिरला, मग शिडीनं पाण्याच्या टाकीवर चढला आणि वरून ओरडला, "मॅडम, इथं येतंय नेटवर्क!" आणि माझ्या तोंडून निघालं, "मंग दादाले टाकीवर निजवू का मी?" शाळेत असं वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांना मी उभं करायचे. तो खाली उतरला, खिडकीतून खाटेवरच्या दादाकडे जरा वेळ बघत राहिला. चहा प्यायला आणि गेला. आठवड्याभरानं काकूंच्या ओसरीत बसले होते तर त्यांच्या फोनवर मेसेज आला, पत्रात मी तोच नंबर दिला होता: दंड माफ, नंबर नेता येईल. कारण दिलेलं नव्हतं. माझं म्हणणं पटलं, की त्या माणसाला दादाची दया आली, की ते माझ्या पत्रांना कंटाळले, कोण जाणे.

नंबर काकूंच्या कंपनीत नेला, आता फोन दादाच्या उशाशी वाजतो. मी काकूंना बांधावरून ओरडून सांगितलं, दादाच्या पोरांना कळवलं. दादालाही सांगितलं. तो डावा हात जरासा हलवतो, त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुलाही सांगावं म्हणून लिहायला बसले. हा कागद पाठवायला पत्ता नाही, टेबलाच्या खणात राहील.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. काल दुपारी दादा झोपला, घरात माणसाचा आवाज नव्हता, आणि मी त्या जुन्या कंपनीला परत फोन लावला. मशीन बोललं, मग गाणं, मग एक मुलगी आली. "मी आपली काय मदत करू शकते?" "काही नाही," मी म्हटलं, "आता लागतो फोन." ती म्हणाली, "अजून काही मदत, मॅडम?" आणि मी फोन ठेवला नाही.